बंब आणि श्रावणातला उजेड

शुक्रवार, रात्री

ऑफिसातून आल्या आल्या माझ्या तैलचित्रातल्या, पाणी तापवायच्या बंबाच्या डाव्या कडेला करंगळी टेकवून पाहिली. रंग अजून ओला आहे. फार बरं वाटलं.

उन्हाळ्यात हाच थर एवढ्यात चिकट झाला असता, आणि त्यावर ब्रश फिरवला की ओरखडे उठले असते. तैलरंग वाळतो तेव्हा त्यातून पाणी उडून जात नाही. पाणी त्यात नसतंच. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होतं, आणि दमट, गार हवेत हे काम रेंगाळतं. रंग जास्त वेळ ओला राहावा म्हणून काही चित्रकार तेलात लवंगेच्या तेलाचा थेंब घालतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात मला ते कधी लागलं नाही. सकाळी नोकरीवर जाण्याआधी जेमतेम तासभर मिळणाऱ्या माणसाला अशी हवा म्हणजे देणगीच. सकाळी अर्धी सोडलेली कड रात्री परत हातात घेता येते.

ट्यूबलाइटखाली मी नवीन रंग कालवत नाही. त्या उजेडात मिसळलेला रंग सकाळी वेगळाच निघतो. रात्री फक्त कडा. आज कोरडा, राठ केसांचा ब्रश घेऊन बंबाची सावलीतली बाजू मागच्या भिंतीत हलकेच ओढली. आता बंब कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते डाव्या अंगाला सांगता येत नाही. उजव्या अंगाला मात्र कड सुरीसारखी ठेवली आहे. गोलाई त्यातूनच आली. छटा किती घोटल्या तरी ती येत नव्हती.

शनिवार, दुपार

हा बंब आजीचा. गॅसचा गीझर आल्यापासून मागच्या सोप्यात पडून होता. तांब्याचं पिंप, मधून गेलेलं धुराडं, खाली निखाऱ्याची जाळी, पितळेची तोटी. जाळीजवळ काजळी, तोटीच्या सांध्याला हिरवट कीट, आणि पोटावर कित्येक वर्षांच्या पाण्याचे ओघळ. चित्र काढायचं ठरवलं तेव्हा आई चिंच आणि मीठ घेऊनच आली.

"घासून देतो की गं. लख्ख दिसंल. असला काळा बंब कोण लावणार भिंतीवर?"

तिला म्हटलं, आई, तू हात लावू नकोस. हे ओघळच मला हवे आहेत. ती काही बोलली नाही, पण चिंच परत डब्यात गेली. काल बघते तर बंबाच्या मागे पडलेला केरसुणीचा कचरा तिनं बंब न हलवता काढला होता.

तांबं रंगवताना मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो नुसतं बघायला. ट्यूबमध्ये 'तांबडा सोनेरी' असा काही रंग शोधायचा नसतो. धातू म्हणजे समोरच्या वस्तूंचं प्रतिबिंब. बंबाच्या पोटावर खिडकी आहे, शहाबादी फरशी आहे, माझी निळी साडीसुद्धा आहे. फक्त हे सगळं तांब्यातून गाळून आलेलं. चिनी मातीच्या बरणीवर आभाळाची चमक पडली तर ती आभाळाच्याच रंगाची दिसते. तांबं तसं करत नाही, ते चमकेलाही आपला रंग लावतं. म्हणून खिडकीची तिरीप शुद्ध पांढऱ्यानं रंगवली तर ती बंबावर खडूनं ओढल्यासारखी दिसते. टायटॅनियम व्हाइटमध्ये किंचित बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) आणि त्याहून थोडा पिवळा गेरू घातल्यावर ती धातूत जाऊन बसली.

अंधार बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन निळ्याचा. काळा रंग मी पॅलेटवर घेतलेला नाही. हिरव्या किटाला व्हिरिडियन हिरवा, पांढरा आणि गेरू. पहिला थर कच्च्या अंबरचा, म्हणजे तपकिरी मातीच्या रंगाचा, टर्पेंटाइननं पातळ केलेला, आणि उजेडाच्या जागा जुन्या सुती फडक्यानं पुसून काढलेल्या. अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे तो पावसातही लवकर वाळतो. तळाला तो असणं म्हणूनच चांगलं. वरच्या थरांत तेल वाढवत न्यायचं. उलटं केलं, तेलकट थरावर रोडका, कमी तेलाचा थर दिला, तर वरचा आधी सुकतो आणि पुढे भेगा पडतात. (तेलाची फडकी पाण्याच्या डब्यात टाकते. चुरगाळून ठेवली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात.)

आणि उजेड! पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ म्हणजे केवढा मोठा पडदा. उत्तरेच्या खिडकीतून एकसारखा, मऊ, करडा उजेड येतो आणि सकाळभर जागा सोडत नाही. मार्चमध्ये सावली दर वीस मिनिटांनी सरकते, तिच्यामागे धावताना माझं चित्र नेहमी घाईचं होतं. सोप्यातली वस्तू रंगवायची तर पावसाळाच, हे माझं पक्कं मत आहे. कॅनव्हासच्या पाठीला बुरशी धरते तेवढं पाहावं लागतं. मी ते भिंतीपासून सुटे ठेवते.

रविवार, रात्री

दोन प्रकारचे चित्रकार माझ्या मनात एकमेकांशेजारी बसतात.

एक पॅरिसचा शार्दँ. १७३४ च्या सुमारास त्यानं लाकडी फळीवर एक छोटं चित्र रंगवलं: स्वयंपाकघरातली पाण्याची तांब्याची टाकी, तोटीची, तीन पायांवर उभी, बाजूला बादली. चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, मी फक्त छापील पाहिलंय. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, अरे, हा तर आपला बंब! त्यात ना राजा, ना देव, ना कथा. तरी त्या तांब्याला देवघरातल्या मूर्तीइतका मान आहे. माझ्या बंबाला तोच मान मिळावा, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

दुसरे आमच्या गावचे. बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर हे नात्यानं भाऊ, कुठल्या कलाशाळेत गेले नाहीत. मिस्त्रीकाम करणाऱ्या घरातले, नाटक कंपन्यांचे पडदे रंगवता रंगवता हात तयार झाला. आणि आबालाल रहिमान. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून ते कोल्हापूरला परतले आणि इथलीच तळी, इथलेच घाट, इथलंच आभाळ रंगवत राहिले. शाहू महाराज १९२२ मध्ये गेल्यावर त्यांनी आपली कितीतरी चित्रं इथल्या कोटितीर्थ तळ्यात सोडून दिली असं सांगतात. कोटितीर्थावरून जाताना मी अजूनही पाण्याकडे बघते.

आता तोटी उरली आहे. पितळ तांब्याहून थंड, जरा हिरव्याकडे झुकणारं. त्याला वेगळा गेरू काढून ठेवलाय. तोंडाशी कायम एक थेंब असायचा, आई म्हणते. तो घालायचा की नाही हे ठरत नाहीये, कारण आज बंब कोरडा आहे आणि मी समोर दिसतं तेच रंगवते. मंगळवारी सुट्टी आहे. सकाळी साडेसातला तोटीपासून सुरुवात. वॉर्निश पुढच्या उन्हाळ्यात, तोपर्यंत आतले थर नीट घट्ट झालेले असतील.