आखाजी, दोन सुट्ट्या आणि चारशे किलोमीटर

आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली आणि त्यातली पहिली दोन वर्षं मी "आखाजीला यंदा जमणार नाही गं" असं म्हणत काढली. मी कुडाळकडचा. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि आमच्याकडे ती म्हणजे सोन्याच्या दुकानांच्या जाहिराती, बस. ते प्रकरण खानदेशात काय आहे हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, म्हणजे बायकोने सांगितलं होतं पण मी ऐकलं नव्हतं, दोन्हीत फरक आहे असं ती म्हणते. तिचं माहेर अमळनेर. तिकडे आखाजी म्हणजे लग्न झालेल्या मुलींची दिवाळी. दिवाळीला नाही आणलं पोरीला तर एकवेळ चालेल पण आखाजीला आणलं नाही तर गल्लीत चर्चा होते.

तर २०२५ मध्ये कॅलेंडरनेच कृपा केली. आखाजी ३० एप्रिलला बुधवारी, १ मे गुरुवार महाराष्ट्र दिन, शुक्रवारी वर्क फ्रॉम होम, पुढे शनिवार रविवार. म्हणजे खर्च काय तर एक सीएल. बायकोला मात्र दोन टाकाव्या लागल्या कारण तिचा क्लायंट अमेरिकेत बसतो आणि त्याला महाराष्ट्र दिनाशी काही देणंघेणं नाही.

इथे आमच्या रोजच्या आयुष्याबद्दल थोडं सांगायला पाहिजे नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही वाकडला राहतो. माझी जनरल शिफ्ट, आठवड्यातून तीन दिवस हिंजवडीला ऑफिस. हिची दुपारी दीड ते रात्री साडेदहा, आणि साडेदहा म्हणजे साडेदहा कधीच नसतं. मी सकाळी निघतो तेव्हा ती झोपलेली, मी येतो तेव्हा ती हेडफोन लावून आतल्या खोलीत, मी दाराच्या फटीतून चहा आत सरकवतो आणि ती मान हलवते. एका टूबीएचकेत राहून आम्ही एकमेकांना व्हॉट्सअॅप करतो. आणि फ्रीजवर चिठ्ठ्या. "दूध आण." "गॅसवाला आला तर पैसे डब्यात आहेत." "मावशी उद्या नाही." माझ्या मित्राने एकदा त्या चिठ्ठ्या पाहून विचारलं होतं की तुमचं भांडण चालू आहे का.

त्यामुळे रात्रभर गाडी चालवत जायचं ठरलं तेव्हा मी मनातून खूश होतो. महाराष्ट्र एक्स्प्रेसचं तिकीट वेटिंगवरून हललं नाही ते एका अर्थी बरंच झालं. जळगावपर्यंत ट्रेन आणि पुढे परत अमळनेर, त्यापेक्षा आपली गाडी, आठ नऊ तास आम्ही दोघंच, लॅपटॉप डिकीत, काय काय बोलायचं साठलंय ते सगळं बोलून घेऊ.

मंगळवारी हिची शिफ्ट संपून निघेपर्यंत सव्वाअकरा झाले. मी जेवणाचा डबा, पाण्याच्या बाटल्या, आणि आईने कुडाळहून पाठवलेली सोलं आणि काजूगर असं सगळं भरून ठेवलं होतं. चाकणच्या तळेगाव चौकात रात्री बारा वाजता पण कंटेनरची रांग होतीच, ती नसती तर मला रस्ता चुकलो असं वाटलं असतं. चौक ओलांडला, मी म्हटलं हां, आता बोल. बघतो तर काय, मान खिडकीला टेकलेली आणि तोंड उघडं.

मग काय. मंचर गेलं, नारायणगाव गेलं. नारायणगावला दिवसा टोमॅटोचं मोठं मार्केट असतं आणि तमाशाच्या फडांच्या राहुट्या पण इथेच पडतात, यात्रांच्या सुपाऱ्या द्यायला गावोगावचे लोक इथे येतात. हे सगळं मला सांगायचं होतं पण कोणाला सांगणार. आळेफाट्याला एकट्याने चहा घेतला. संगमनेर, सिन्नर, नाशिकचा तो लांबलचक फ्लायओव्हर, पिंपळगावजवळ कांद्याचे ट्रक, सगळं मी एकट्याने बघितलं. तिला जागं करावं असं दोनदा वाटलं पण त्या आठवड्यात तिच्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, तीन रात्री ती नीट झोपली नव्हती हे मला माहीत होतं, म्हणजे चिठ्ठीवरून माहीत होतं.

चांदवडला जाग आली. उजाडायला लागलं होतं, दोन्ही बाजूला ते उघडे काळे डोंगर. पहिलं वाक्य काय तर "मला भूक लागलीये, आणि ऐक ना, मला डे शिफ्ट मिळतेय." मी ब्रेकच मारला असता. दोन आठवडे झाले होते म्हणे विचारून. दुसऱ्या टीममध्ये, पुण्यातच, सकाळी दहा ते सात. पण शिफ्ट अलाउन्स जाणार. आणि तो अलाउन्स म्हणजे आमच्या ईएमआयचा जवळजवळ तिसरा हिस्सा. राहुड घाट उतरताना आम्ही हिशोब करत होतो, मी तोंडी आणि ती मोबाइलवर, मालेगाव आलं तरी जमत नव्हतं. झोडग्याच्या पुढे एका हॉटेलात पोहे खाताना बिलाच्या मागच्या बाजूला लिहून बघितलं तर थोडं थोडं जमायला लागलं. ती म्हणाली, "आणि तू नेहमी बाहेरून मागवतोस ते बंद." मी म्हटलं मी एकटा असतो म्हणून मागवतो. यावर दोघंही गप्प बसलो आणि दुसरी प्लेट मागवली.

धुळ्याला हायवे सोडला की अमळनेर तासाभरात. साडेआठलाच ऊन असं की कोकणातली दुपार बरी. अमळनेरची दोन तीन गोष्टींसाठी ख्याती आहे. साने गुरुजी इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. मंगळ ग्रहाचं देऊळ आहे, मंगळवारी तुफान गर्दी. हिच्या पत्रिकेत मंगळ आहे आणि माहेर नेमकं याच गावचं, हे कळल्यावर माझ्या आईने लग्नाआधी बराच विचार केला होता. आणि तिसरं म्हणजे विप्रो इथे सुरू झाली, १९४५ साली, वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून. सासरे हे मला दरवेळी सांगतात. मी विप्रोत नाही हे पण मी दरवेळी सांगतो. त्यांच्या मते आयटीवाले सगळे शेवटी अमळनेरचंच मीठ खातात, म्हणजे तूप.

दारात पाय ठेवला आणि आम्ही वेगळे झालो. ही आत बायकांच्यात, मी ओट्यावर पुरुषांच्यात. तिच्या दोन चुलतबहिणी, एक आतेबहीण, सगळ्या आपापल्या घरून आलेल्या, त्यांचे नवरे म्हणजे आम्ही चार जवाई एका ओळीत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. जवाई म्हणजे असा प्राणी की ज्याला कोणी काही काम करू देत नाही आणि एकटं पण सोडत नाही.

सकाळी घागर भरली. वाडवडिलांच्या नावाने मातीची घागर, तिच्यावर छोटं मडकं, वर डांगर. डांगर म्हणजे त्यांच्याकडे खरबूज. एकदा हिने फोनवर "डांगर आणा" म्हटलं तेव्हा मी लाल भोपळा नेला होता, ती गोष्ट अजून सांगितली जाते, या वेळी पण सांगितली. मग चुलीतल्या निखाऱ्यावर तूप आणि घास सोडून सगळे हात जोडतात. सासऱ्यांनी त्यांच्या आईवडिलांची नावं घेतली आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्या आजोबांचं नाव सांगा." मी सांगितलं. त्यांच्या नावाचा पण एक घास पडला. कुडाळातून कधी बाहेर न पडलेला माझा आजोबा अमळनेरच्या चुलीपाशी येऊन जेवला.

आणि आता मुख्य विषय. खापराची पुरणपोळी. मी हा प्रकार फक्त यूट्यूबवर बघितला होता. मागच्या अंगणात चूल, तिच्यावर मातीचं मोठं खापर पालथं घातलेलं, आणि हिची मोठी काकू पोळी लाटण्याने नाही तर हातावर वाढवते. दोन्ही हातांवर, पार कोपरापर्यंत, फिरवत फिरवत, ती पोळी वाढतच जाते आणि मला दरवेळी वाटत होतं आता फाटणार. फाटत नाही. मग झपकन खापरावर. रुमालासारखी घडी घालून ताटात येते, वर तूप, बाजूला वाटी नाही तर वाडगंभर आमरस, कुरडई, भजी आणि झणझणीत रशी. आमच्याकडे मोदकाच्या कळ्या पाडणाऱ्या बायकांचा फार अभिमान बाळगतात आणि बरोबरच आहे, पण ते काम सावलीत बसून होतं. इथे बाहेर बेचाळीस, समोर चूल, आणि काकू साठीच्या पुढच्या. हिने एक करून बघितली, तिला भोक पडलं, ती मला वाढली.

तीन खाल्ल्या. संपलो. तेवढ्यात सासूबाई भात घेऊन आल्या, "जवाई कोकणातले ना, त्यांना भात लागतो," म्हणून खास माझ्यासाठी कुकर लावलेला. त्या कुकरचा मान ठेवला मी. कसा ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी पातोड्या आहेत म्हटल्यावर मला आनंद झाला. आमच्याकडे पातोळे म्हणजे हळदीच्या पानात वाफवलेलं, आत गूळखोबरं. पहिला मोठा घास घेतला. तर ते बेसनाच्या वड्या आणि काळ्या मसाल्याचा रस्सा. डोळ्यातून पाणी, चौघंजण पंखा घालतायत, आणि बायको स्वयंपाकघराच्या दारातून हसतेय. मोबाइलवर मेसेज आला, "पाणी पिऊ नको, गूळ खा." हे असंच चाललं होतं पाच दिवस. वाकडला दारातून चहा, इथे दारातून मेसेज.

हिची आजी, सगळे तिला मोठी माय म्हणतात, ऐंशीच्या पुढची, शुद्ध अहिराणी. ती मला जवळ बसवून समुद्राबद्दल विचारत होती, तिने कधी बघितला नाही. "तुम्हना समुद्र खारा शे ना? मंग मासामा मीठ टाकनं पडस का?" मी आयुष्यभर मासे खाल्ले पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मीठ टाकतो म्हटलं. तिला पटलं नाही. रात्री आईला फोन केला तेव्हा आईचा प्रश्न वेगळाच, "विहीणबाईंक सोलां दिलंस मां? आणि सून खंय आसा, तिका दी." सून झोक्यावर होती.

हो, झोका. कडुनिंबाला जाड दोर बांधून. दिवसा तिकडे फिरकायची सोय नाही, सगळं संध्याकाळनंतर. या सगळ्या मुली, कोणी बँकेत, कोणी शाळेत शिक्षिका, एक तहसील कचेरीत, गौराईची गाणी म्हणत झोके घेत होत्या आणि एकमेकींच्या सासरच्यांवर काय काय टोमणे मारत होत्या, त्यात कोकणाचा पण उद्धार झाला. आम्ही जवाई गच्चीवर पत्ते खेळत होतो. आखाजीला पत्ते खेळायला जणू लायसन असतं तिकडे. मी तीनशे चाळीस रुपये हरलो. गच्चीच्या कठड्यावरून खाली बघितलं तर ही उभ्याने झोका घेत होती, केस मोकळे, इतक्या जोरात की मला भीती वाटली. आमच्या वाकडच्या घरात मी हिला एवढ्या मोठ्याने हसताना ऐकलं नाहीये, अर्थात तिथे कॉल चालू असतो.

तिथेच सासरे सालदाराविषयी बोलत होते. सालदार म्हणजे शेतावर वर्षभरासाठी ठेवलेला गडी, त्याचं वर्ष आखाजी ते आखाजी. आखाजीला जुना हिशोब मिटतो, नवा ठराव होतो, आकडा पटला तर राहतो नाहीतर दुसरीकडे जातो. आता सालदार मिळतच नाहीत म्हणे, पोरं सुरतला नाहीतर पुण्याला जातात. मी म्हटलं आमचं अप्रेझल पण एप्रिलमध्येच असतं. साडूंपैकी एकजण म्हणाला, मग तुम्ही पण सालदारच की. कोणी हसलं नाही फारसं, कारण चौघांपैकी तिघं आयटीत.

शुक्रवारचं वर्क फ्रॉम होम म्हणजे एक विनोद होता. दुपारी लाइट गेली, हॉटस्पॉटवर कॉल, लाइट आली तर कूलर सुरू झाला, आणि पलीकडच्या गोऱ्याने विचारलं तुमच्याकडे खूप पाऊस पडतोय का. मी हो म्हटलं.

ज्या प्रश्नाची भीती होती तो मोठ्या मायने शनिवारी विचारलाच. पाळणा कधी. आम्ही गाडीत उत्तर ठरवून ठेवायचं विसरलो होतो, हिशोबाच्या नादात. मी म्हटलं बघू, ही त्याच वेळी म्हणाली आधी भेटू तर दे आम्हाला. मोठी मायला काही कळलं नाही. सासूबाईंना कळलं असावं, त्या उठून आत गेल्या.

रविवारी ऊन उतरल्यावर निघालो. डिकीत कुरडया, कैरीचं लोणचं, कळण्याचं पीठ आणि दोन डांगरं, त्यातलं एक कुडाळला पोचवायचं अशी ऑर्डर. एप्रिल ते जून आम्ही म्हणजे दोन विहिणींची कुरिअर सर्व्हिस. धुळ्यापर्यंत ही एक शब्द बोलली नाही, मी पण बोललो नाही, माहेरून निघालेल्या बाईशी पहिले चाळीस किलोमीटर बोलू नये एवढं मी तीन वर्षांत शिकलोय. मालेगावनंतर बोलायला लागली ती थेट चाकणच्या चौकापर्यंत. मोठ्या मायचे गुडघे, त्या तहसीलवाल्या बहिणीची बदली, मला बेसनाची वडी लागल्यावर माझा चेहरा कसा झाला होता. आळेफाट्याला या वेळी दोन चहा.

सोमवारी संध्याकाळी सात वाजता ऑफिसमधून आलो. आतल्या खोलीचं दार बंद, हिचा आवाज, कॉल चालू. फ्रीजवर चिठ्ठी होती.

"डे शिफ्टचा मेल टाकला. डांगर कापून ठेवलंय, सगळं खाऊ नको. दूध आण."