तुम्ही विचारलंत म्हणून: मिशीवाल्या माणसाला बेबी काऊन म्हणतात?

लग्नात, बँकेत, कृषी केंद्रात, कुठेही गावचा माणूस भेटला की लांबूनच ओरडतो, "ओ बेबीभाऊ!" मी "हौ" म्हणतो आणि बाजूचा माणूस आधी माझी मिशी बघतो. मग ठरलेला प्रश्न, तुमचं नाव बेबी कसं काय? तर एकदाचं लिहूनच टाकतो.

आधारवर मी ज्ञानेश्वर आहे. हे मला पहिलीत कळलं, गुरुजींनी हजेरीत ज्ञानेश्वर म्हटलं आणि तो कोण पोट्टा म्हणून मीच मागं वळून बघत बसलो.

माझ्या आधीचे दोन भाऊ गेले. एक बाळंतिणीच्या खोलीतच, दुसरा चांगला चालायला लागला होता, हगवण लागली आणि बैलगाडीतून तालुक्याला नेता नेता गेला. म्हणून माझ्या वेळी आजीनं ठरवलं की पोरगा झाला हे वर कोणाले कळूच द्यायचं नाही. डावी नाकपुडी टोचली, भोक बुजू नये म्हणून त्यात कडुलिंबाची काडी, अंगात फ्रॉक, केस खांद्यापर्यंत आणि हाक बेबी. पाचव्या वर्षी माहूरला रेणुकेचा नवस फेडला, केस उतरवले, फ्रॉक गेला, नाव काही गेलं नाही. नाकावर अजून एक खळगा आहे, सर्दीत नाक पुसताना बोट तिथं अडखळतं.

हे काही आमच्याच घरचं खूळ नाही. जुन्या माणसांत नथ्थूजी, उकंडराव, कचरू, भिकाजी किती सापडतील बघा, उकंडराव म्हणजे उकिरड्यावर टाकून उचललेलं पोर, ज्याच्याकडे मरणानंही ढुंकून बघू नये. १९१० साली जन्मलेला नथुराम गोडसे पण असाच, मूळ नाव रामचंद्र, आधीचे भाऊ जगले नाहीत म्हणून नाकात नथ घातली आणि तेच नाव झालं. (हे सांगितलं की लोक माझ्याकडे जरा वेगळंच बघतात.)

मला त्रास झाला का? शाळेत झाला, मारामाऱ्या केल्या. पण भुलाबाईच्या, म्हणजे पोरींच्या गाण्यांच्या सणाच्या, महिन्यात फायदाही होता, पोरी मलाही गाण्याला बसू द्यायच्या, डबा हलवून खिरापत ओळखण्यात मी पटाईत होतो, फुटाणे आणि शेंगदाणे आवाजावरून वेगळे सांगायचो. नंतर २०११ ला ग्रामपंचायतीत बायकांना ५० टक्के जागा झाल्या तेव्हा पानठेल्यावर सगळे म्हणे, बेबीभाऊ, तुमचा तर दोन्हीकडून फॉर्म चालते बाप्पा!

खरं खटकलं ते माझ्या बहिणीमुळे. संगीता माझ्याहून तीन वर्षांनी लहान. दहा-अकरा वर्षांची असेल, आजी ओसरीत वाती वळत होती आणि ही सगळी गोष्ट कौतुकानं सांगत होती, तर संगीता मध्येच म्हणाली, "म्हणजे यमालेही पोरगी नको हाय का?"

आजीनं एक वात वळली, दुसरी वळली. मग म्हणाली, "जाय, बेबीले जेवाले बलाव."

मी तिथंच बसलो होतो.