तुम्ही विचारलंत म्हणून: सिरीयलमधलं जहाज खरं असतं का?

मी नेव्हीत 15 वर्षं काढली हे कळलं की रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणारे काका असोत नाहीतर भाच्याचे कॉलेजचे मित्र, दोन मिनिटात प्रश्न येतोच, ते सिरीयलमध्ये दाखवतात तसंच असतं का ओ खरंच? मी दरवेळी थोडं थोडं असतं म्हणून विषय संपवतो कारण उत्तर मोठं आहे आणि चालता चालता देण्यासारखं नाही. आज बसून लिहितोच.

बहुतेक जण द लास्ट शिपबद्दल विचारतात. 2014 ते 2018, पाच सीझन, एक अमेरिकन डिस्ट्रॉयर, म्हणजे मोठी युद्धनौका, आणि जगभर पसरलेली साथ. त्यांना अमेरिकन नेव्हीची मदत होती, खऱ्या आर्ली बर्क क्लासच्या, म्हणजे त्याच जातीच्या, जहाजांवर शूटिंग झालंय आणि ते दिसतं बघा, त्या उभ्या शिड्या, ते अरुंद पॅसेज, खांदा घासेल असे. पण त्यातला कॅप्टन सारखा बंदूक घेऊन किनाऱ्यावर उतरतो, कधी नंबर दोनचा साहेबपण बरोबर. असं होत नाही ओ. त्या कामाला बोर्डिंग टीम असते, कमांडो असतात. कॅप्टन जहाज सोडत नाही, आणि हे नुसतं नियमाचं पुस्तक नाही, 9 डिसेंबर 1971 ला दीवजवळ आपली युद्धनौका खुकरी बुडाली तेव्हा कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले, 18 ऑफिसर आणि 176 सेलर गेले त्यात. हे ऐकत आम्ही नोकरी केली, त्यामुळे कॅप्टन उठसूट बाहेर पळताना बघितला की मन लागत नाही. तरी हिरोला जहाजात बसवून ठेवून सिरीयल कशी चालणार, तेवढं मी समजून घेतो.

समजून घेता येत नाही ते वेगळंच. लढाईची घंटा झाली की आम्ही अँटी-फ्लॅश चढवायचो, म्हणजे पांढरं कापडी टोपडं, डोळे तेवढे उघडे, आणि लांब पांढरे हातमोजे. स्फोटाची झळ क्षणभराचीच असते पण तेवढ्यात उघडी कातडी भाजून निघते. 1982 च्या फॉकलंड लढाईत ब्रिटिशांच्या शेफिल्ड जहाजाला एक्झोसे मिसाईल लागलं, 20 माणसं गेली, आणि जहाजावर आग काय करते ते सगळ्या जगातल्या नेव्ह्यांनी त्यातून परत एकदा शिकून घेतलं. सिरीयलमध्ये मिसाईल येतंय आणि सगळ्यांची तोंडं उघडी, केस विंचरलेले. नटाचा चेहरा दिसायला पाहिजे हे मान्य, पण एका एपिसोडला तरी टोपडी घालून दाखवा की राव, नुसत्या डोळ्यात किती भीती दिसते ते मी बघितलंय.

आणि ऑर्डर. ब्रिजवरनं, म्हणजे जहाज चालवतात त्या वरच्या खोलीतनं, ऑर्डर येते, पोर्ट टेन, म्हणजे डावीकडं दहा डिग्री. सुकाणूवरचा माणूस आधी तेच परत म्हणतो, पोर्ट टेन सर, मग चाक फिरवतो आणि सांगतो, टेन ऑफ पोर्ट व्हील ऑन सर. दिवसातनं शंभर वेळा, झोपेत उठवलं तरी. त्या म्हणण्यातच सगळा विश्वास आहे, मी ऐकलं, मी केलं, झालं. जिथं हे दाखवतात तिथं बाकी चार चुका असल्या तरी मला ते जहाज खरं वाटतं. जिथं कॅप्टन ओरडतो आणि बाकीचे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात तिथं मी टीव्ही बंद करतो.

पाणबुडीवर मी कधी नव्हतो पण बीबीसीची व्हिजिल, 2021 ची पाणबुडीवरची सिरीयल, बघताना तिथल्या ऐसपैस पॅसेजवर विश्वास बसेना. विझागला बीचवर कुरसुरा पाणबुडीचं म्युझियम आहे, पोरांना घेऊन एकदा आतनं चालून या, मग कळेल मी काय म्हणतोय.

सगळ्यात जास्त मला खुपतं ते आवाजाचं. जहाजावर शांतता नसतेच. ब्लोअर, म्हणजे आत हवा खेळवणारे पंखे, चोवीस तास घुंऽऽ करत असतात आणि महिन्याभरात तो आवाज ऐकूच यायचा बंद होतो. एका रात्री आमचा जनरेटर ट्रिप झाला, लाईट गेली, ब्लोअर बंद पडले, आणि अख्ख्या मेसमधली, म्हणजे आम्ही झोपायचो त्या खोलीतली, माणसं एकदम जागी झाली. शांततेमुळं जागी झाली. कुणी काही बोललं नाही, अंधारात फक्त बूट शोधणाऱ्या हातांचा आवाज, आणि बाहेर पत्र्यावर पाणी घासतंय ते ऐकू येतंय जे एरवी कधीच ऐकू येत नाही. तीन-चार मिनिटं असतील. मग खालनं घुंऽऽ सुरू झालं आणि माझ्या वरच्या बंकवरच्या पोरानं लांब श्वास सोडला. ह्यात मिसाईल नाही, शत्रू नाही, पण हा सीन कुणी घेतला तर मी त्याच्या पाया पडीन.

आपल्या कोल्हापुरात हे कळणारी माणसं होती. बाबूराव पेंटरांनी 1925 ला सावकारी पाश हा सिनेमा केला, देवादिकांच्या सिनेमांचा जमाना होता तो, आणि त्यात ह्यांनी कर्जात बुडालेला शेतकरी घेतला. त्यातली मिणमिणत्या उजेडातली झोपडी आणि रडणारं कुत्रं ह्याबद्दल जाणकार अजून बोलतात. मूकपट होता तो, तरी लोकांना ते कुत्रं ऐकू आलं असणार असं मला नेहमी वाटतं.

मागच्या दिवाळीत आई शेजारी बसली होती, मी लावलेलं बघत. मी स्टीमवर चालणाऱ्या जहाजावर खाली मशिनरीत होतो, एवढंच तिला माहीत, खाली म्हणजे काय ते 15 वर्षात कधी दाखवता आलं नाही. सिरीयलमध्ये अर्धा मिनिट इंजिन रूम आली. वेगळ्या देशाचं, वेगळ्या जातीचं इंजिन, आमच्यासारखं काहीच नाही, पण पाईप होते, काटे होते, पाठ घामानं भिजलेला एक पोरगा होता. मी पॉज केलं. म्हटलं आई, असल्या काट्यांसमोर उभा असायचो, चार चार तास.

ती जवळ जाऊन बघत राहिली. मग म्हणाली, "आणि ऊन कुठनं यायचं रं हितं?"

"नाही यायचं."

"लाव की परत," म्हणाली. तीनदा लावलं.