२४ महिने याच गावात राहणार का?

आमच्या तपासणी अर्जावर एक साधा प्रश्न होता : ‘मूल पुढचे २४ महिने याच गावात राहणार आहे का?’ उत्तर ‘नाही’ आलं की अर्ज बाजूला ठेवायचा. त्या मुलाची तपासणी व्हायची, आईला सल्ला दिला जायचा, पण अभ्यासात नाव येत नसे. प्रश्न मीच लिहिला होता आणि त्यामागचं कारण चोख होतं. ज्या मुलाला दोन वर्षांनी पुन्हा पाहता येणार नाही, त्याच्या दाताचं पुढे काय झालं हे सांगणार कसं?

मी मुलांच्या दातांची डॉक्टर आहे आणि दंत महाविद्यालयात शिकवते. सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या काही अंगणवाड्यांमध्ये आमचा अभ्यास चालू आहे. दुधाच्या दाढांमधली कीड थांबवायच्या दोन पद्धती आम्ही तोलून पाहतो आहोत. एका गटातल्या मुलांच्या किडलेल्या दाढांना दर सहा महिन्यांनी सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड लावायचं. दुसऱ्या गटात हाताच्या अवजारांनी मऊ झालेला भाग खरवडून त्या जागी ग्लास आयोनोमर सिमेंट भरायचं. ड्रिल दोन्हीकडे नाही, विजेची गरज नाही, म्हणून तर या पद्धती अंगणवाडीत जमतात. कोणत्या मुलाला काय मिळणार हे मी ठरवत नाही. संगणकाने काढलेल्या यादीप्रमाणे बंद लिफाफे आधीच तयार असतात. दोन वर्षांनी बघायचं की कोणत्या गटात कमी मुलांना दुखलं, कमी जणांना पू झाला, कमी दाढा काढाव्या लागल्या.

डिसेंबरातली सकाळ होती, गळीत हंगाम ऐन भरात. सेविकाताईंनी गावातल्या आयांना बोलावून ठेवलं होतं आणि मी संमतीपत्र समजावून सांगत होते. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडबद्दल बोलताना सर्वात आधी मी फोटो दाखवते, कारण या औषधाने कीड थांबते तशी किडलेली जागा काळीही पडते, आणि ती काळीच राहते. चांदी किडीतल्या जंतूंना मारते, फ्लोराइड मऊ पडलेल्या दाताला पुन्हा टणक करायला मदत करतं. हा काळा रंग त्या चांदीचाच. फोटो बघून काही आया लगेच नको म्हणतात, काही घरी विचारून सांगते म्हणतात. दोन्ही उत्तरं आम्ही तशीच लिहून घेतो.

तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. कडेवर चारेक वर्षांची मुलगी. साडीवरून पुरुषी सदरा घातलेला, हाताला पाचटाचे ओरखडे. नवरा उसाची बैलगाडी घेऊन कारखान्यावर नंबरला लागला होता, त्यामुळे तिला थोडी सवड मिळाली होती.

“ही ऊसतोडीच्या टोळीतली आहे, डॉक्टर,” सेविकाताई म्हणाल्या. “आपल्या यादीतली नाही.”

“बाई, आमच्या लेकराचं बी बघा की,” ती मला म्हणाली. “दाढंनं रातच्याला निजू देत नाही.”

मुलीला मांडीवर घेऊन पाहिलं. वरचे पुढचे चारही दात किडून निम्मे झिजलेले. खालच्या उजव्या बाजूची एक दाढ पोखरून गेलेली, शेजारी हिरडीवर पुवाची पुटकुळी, दाढ हलत होती. डावीकडच्या दाढांमध्ये आणि वरच्या दोन दाढांमध्ये खड्डे होते, पण दाताच्या नसेपर्यंत पोचलेले दिसत नव्हते. चेहऱ्यावर सूज नव्हती, ताप नव्हता.

काय खाते, कधी खाते, हे विचारलं. पहाटे अंधारात आई-बाप फडावर निघतात तेव्हा गुळाचा चहा आणि त्यात बुडवलेली बिस्किटं. फडात रडली की पुडा हातात. भूक लागली की पुन्हा बिस्किट. मधूनमधून उसाचं कांडं असतंच. लोक उसाला दोष देतात, पण ऊस चघळताना तोंडाला लाळही भरपूर सुटते. बिस्किटाचा लगदा मात्र दाढेच्या खाचेत बसून राहतो. साखर तोंडात गेली की काही मिनिटांत दाताभोवती आम्ल वाढतं. पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दातातले क्षार निघायला लागतात, आणि लाळेला ते सावरून घ्यायला अर्धा-पाऊण तास लागतो. दिवसभर थोडंथोडं खाणाऱ्या या मुलीच्या दातांना तो अर्धा तास कधी मिळतच नव्हता. आईला यात बोल लावण्यासारखं काही नव्हतं. फडात लेकराला गप्प ठेवायला तिच्याजवळ दुसरं काय होतं?

माझी विद्यार्थिनी सवयीने अर्ज भरत होती. तिने विचारलं, “पुढचे चोवीस महिने याच गावात राहणार का?”

“चोवीस महिने?” बाई म्हणाली. “हा फड सरला की पुढच्या गावाला. पट्टा पडला की बीडला. पुढल्या साली मुकादम कंच्या कारखान्याला नेतोय, त्याला ठावं.”

पट्टा पडणं म्हणजे गळीत हंगाम संपणं, आणि मुकादम म्हणजे टोळी आणणारा ठेकेदार. अर्ज बाजूला गेला. मुलीला उपचार मिळणारच होते, ते अभ्यासात असण्यावर अवलंबून नव्हते, आणि तसं मी तिला सांगितलं. औषध काय आहे, काळं कसं पडतं, हे फोटोवर दाखवलं. सहा महिन्यांनी पुन्हा लावावं लागेल हेही सांगितलं.

तिने फोटो नीट न्याहाळला. “पुढच्या दातांना नगं. पोरीची जात, गावाकडं बाया नावं ठेवत्यात. दाढांना लावा.” मग थोडं थांबून म्हणाली, “सहा महिन्यांनी आमी कुठं असू? एकदाच लावलं तर किती दिस टिकंल? आमच्यासारख्यांच्या लेकरांना कवा-कवा लावावं, ते सांगा.”

संशोधनाचा याहून नेमका प्रश्न मला अनेक परिषदांमध्येही ऐकायला मिळालेला नाही. हे औषध जपानमध्ये १९७० च्या आसपासपासून वापरात आहे. हाँगकाँगच्या संशोधकांनी दक्षिण चीनमधल्या बालवाड्यांत ते वर्षातून एकदा लावून अडीच वर्षं मुलांचा पाठपुरावा केला आणि २००२ साली निष्कर्ष छापले : कीड खरवडून न काढताही ती थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आवश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश केला. पण यांतल्या बहुतेक अभ्यासांतली मुलं एका शाळेत, एका गावात टिकलेली होती. काठमांडूच्या शाळकरी मुलांवर एकदाच लावून दोन वर्षं पाहण्याचा एक अभ्यास आहे. त्यात फायदा दिसला, पण काळाबरोबर तो ओसरत गेला. मी तिला तेवढंच सांगू शकले : एकदा लावलं तरी न लावण्यापेक्षा बरं, दोनदा लावलं तर जास्त भरवशाचं.

मग कामाला लागलो. औषध आधी आणि दाढ काढणं शेवटी, म्हणजे ताज्या जखमेवर ते जायला नको. ओठांना व्हॅसलिन, कारण त्वचेला लागलं तर आठवडाभर डाग राहतो. कापसाच्या गुंडाळ्या लावून दाढा कोरड्या केल्या, प्लॅस्टिकच्या वाटीत एक थेंब घेतला. तेवढा चार-पाच दाढांना पुरतो. बारीक ब्रशने प्रत्येक खड्ड्यात एकेक मिनिट चोळलं. चव कडवट, धातूची. मुलीने तोंड वेडंवाकडं केलं, पण आईच्या पदराला धरून बसून राहिली. पुढच्या दातांना रंग न बदलणारं फ्लोराइड व्हार्निश लावलं. पुवाची दाढ काढायला आमची फिरत्या दवाखान्याची गाडी बाहेर उभी होतीच. शहरातल्या रुग्णालयात या म्हटलं असतं तर ती आली नसती. एका दिवसाचा खाडा म्हणजे उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेच्या, हिशेबात कापलेले पैसे, आणि खाडा एकट्या बाईचा होत नाही, नवरा-बायको मिळून एक कोयता असतो. सहकाऱ्याने भूल देऊन दाढ काढली. फ्लोराइडची पेस्ट आणि छोटा ब्रश दिला. वाटाण्याएवढीच पेस्ट घ्यायची आणि निजण्याआधी आईनेच दात घासायचे, हे दोनदा सांगितलं.

ती गेल्यावर यादीतल्या मुलांचं काम संध्याकाळपर्यंत चाललं. पण बाजूला ठेवलेले अर्ज मी त्या दिवशी पहिल्यांदा एकत्र करून वाचले. बाहेर राहिलेल्या मुलांपैकी बहुतेक टोळ्यांमधली होती, आणि त्यांच्या दातांची अवस्था आत घेतलेल्या मुलांपेक्षा सरसकट वाईट होती.

दातांच्या संशोधनात व्हिपेहोल्मची गोष्ट आम्ही दरवर्षी शिकवतो. १९४० च्या दशकात स्वीडनमधल्या लुंडजवळच्या एका संस्थेत मतिमंद रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या खायला घालून त्यांचे दात किडू दिले. साखर किती खाता यापेक्षा कितीदा आणि किती चिकट खाता याने कीड ठरते, हे ज्ञान आपल्याला तिथून मिळालं. त्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं. त्या अन्यायाची आठवण ठेवूनच आज संमतीपत्रं, समित्या, नोंदणी हे सगळं उभं आहे आणि ते हवंच. पण ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं त्यांना तेव्हा आत ओढलं, आणि ज्यांना एका जागी थांबता येत नाही त्यांना आपण आज बाहेर ठेवतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये स्पष्ट म्हटलंय की दुर्बल गटांनाही संशोधनात सामील होण्याचा समान हक्क आहे, म्हणजे त्याचे फायदे त्यांच्यापर्यंत पोचतील. ही ओळ मी परीक्षेत विद्यार्थ्यांना विचारलेली आहे.

चालू अभ्यासाचे निकष मध्येच बदलणं योग्य नव्हतं. त्याने दोन्ही गटांची तुलनाच बिघडली असती. म्हणून वेगळा अभ्यास आखायला घेतला, फक्त टोळ्यांमधल्या मुलांचा. सहा महिन्यांचं अंतर पाळता येत नाही, ही अडचण होती. पण हंगामाचं वेळापत्रक मांडलं तेव्हा दिसलं की दिवाळीनंतर टोळ्या उतरतात आणि मार्च-एप्रिलात पट्टा पडतो. उतरल्या उतरल्या एकदा आणि निघण्याआधी एकदा, असं एका हंगामात दोनदा औषध लावता येतं. उन्हाळ्यात बीडच्या गावांमध्ये जाऊन तपासणी करायची. एका गटाला हंगामात एकदा, दुसऱ्याला दोनदा. त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर यातून मिळू शकतं.

एथिक्स कमिटीने पहिल्याच वाचनात एक शंका काढली आणि ती रास्त होती. उचल घेतलेल्या माणसाची संमती खरोखर मोकळी असते का? मुकादमाने सांगितलं म्हणून सगळ्या टोळीने अंगठे लावले, तर त्या कागदाला काय अर्थ? आम्ही आराखड्यात लिहिलं की मुकादम किंवा कारखान्याचा माणूस हजर असताना संमती घ्यायची नाही. संध्याकाळी कोप्यांवर, म्हणजे टोळीच्या झोपड्यांवर जाऊन, प्रत्येक आईशी स्वतंत्र बोलून, दुसऱ्या दिवशी उत्तर घ्यायचं. नको म्हणणाऱ्या घरातल्या मुलालाही तेच उपचार मिळतील.

मार्चमध्ये पट्टा पडायच्या आधी मी त्या टोळीच्या कोप्यांवर गेले. मुलगी सापडली. तीन दाढांमधली जागा काळी आणि अवजाराला टणक लागत होती. चौथ्या दाढेत कड अजून मऊ होती. चारही दाढांना पुन्हा औषध लावलं आणि काय केलं, कधी केलं, हे मराठीत एका कार्डावर लिहून आईला दिलं, म्हणजे बीडकडच्या ग्रामीण रुग्णालयातल्या दंतवैद्याला दाखवता येईल. रात्रीचं रडणं थांबलंय, असं ती म्हणाली. गावाचं नाव आणि नवऱ्याचा फोन नंबर तिने आपणहून लिहून दिला.

सुधारलेला आराखडा आता समितीपुढे आहे. मंजुरी मिळाली तर टोळ्या उतरल्यावर पहिली संमती घेऊ. नाही मिळाली तरी अंगणवाडीच्या फेऱ्यांबरोबर कोप्यांवरच्या फेऱ्या आम्ही वेळापत्रकात धरल्या आहेत, उपचारांसाठी.