धाप लागलेली असताना श्वास धरा

मंगळवार, रात्री साडेनऊ

उद्या पुन्हा स्ट्रेस इको, सरकत्या पट्ट्यावर चालवून हृदयाची सोनोग्राफी. पुन्हा म्हणजे, गेल्या शुक्रवारी गेलो होतो. सिस्टरनी विचारलं, "आज मेटोप्रोलॉल घेतली का?" मी मोठ्या तत्परतेनं म्हणालो, "घेतली की!" झालं, परत पाठवलं. ती गोळी ठोके वाढू देत नाही आणि या टेस्टला ठोकेच वाढवायचे असतात. दोन दिवस आधी बंद करा असं डॉक्टरांनी बजावलं होतं, पण सात वर्षांची सवय, हात आपोआप डबीकडे गेला. या वेळी हिनं पट्टीच लपवून ठेवली आहे. कुठे ते मला कालच कळलंय, पण बोललो नाही.

साधी टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून नुसता ईसीजी, महिन्यापूर्वी झाली. रिपोर्ट धड हो नाही, धड नाही नाही. म्हणून ही दुसरी. ईसीजीचा कागद नुसती शंका दाखवतो. इकोत हृदयाची भिंत हलताना दिसते. जिथे रक्त कमी पोचतं तेवढाच भाग जोर लावल्यावर मागे पडतो म्हणे. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिण्यात जन्म गेल्यामुळे मला हे पटकन कळलं. ताणा कुठे सैल आहे ते माग सुरू झाल्यावरच दिसतं.

चहा-कॉफीही आजपासून बंद. दुपारी चारला पोऱ्या सवयीनं टेबलावर ग्लास ठेवून गेला. त्यावर साय धरेपर्यंत मी बघत बसलो. डोकं अजून ठणकतंय.

बुधवार, दुपार

स्पोर्ट्स शूज नव्हते, मुलाचे घातले. एक नंबर मोठे, म्हणून आत दोन-दोन मोजे. सकाळपासून पोटात काही नाही. होटगी रोडनं रिक्षात बसून निघालो तेव्हा नऊलाच ऊन चटकायला लागलं होतं.

आधी छातीवर चार-पाच ठिकाणी वस्तरा, मग दहा स्टिकर. डाव्या कुशीवर झोपवून गार जेल लावलं आणि विश्रांतीतली चित्रं घेतली. माझं वय अठ्ठावन्न. २२० वजा ५८ म्हणजे १६२, त्याचे ८५ टक्के, म्हणजे १३८ ठोके गाठायचे. हा हिशेब मी सिस्टरच्या आधी केला.

पट्टा सुरू झाला ताशी २.७ किलोमीटरनं. सिद्धेश्वर तलावाला फेरी मारताना म्हातारे याहून जोरात चालतात. पण चढ १० टक्के, आणि दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो, चढही. सहा मिनिटांनंतर १४ टक्के चढावर ताशी ५.४. पोटऱ्या भरून आल्या, मोठे बूट फटफट वाजायला लागले, त्यात दंडावर बीपीचा पट्टा आवळत होता. साडेसात मिनिटांच्या पुढे कधीतरी १३९ दिसले.

"थांबला की लगेच बेडवर! डाव्या कुशीवर!" ठोके उतरायच्या आत, मिनिट-दीड मिनिटात चित्रं मिळवावी लागतात. इथेच माझी सगळी तक्रार आहे. माणूस भात्यासारखा धापतोय आणि डॉक्टर म्हणतायत, "श्वास सोडा... आता धरा... हलू नका." धरा? कुठून धरू? दोनदा धरला, तिसऱ्यांदा सुटला, चौथ्यांदा डोळ्यांसमोर काजवे.

मग स्क्रीनवर आधीची आणि नंतरची चित्रं शेजारी-शेजारी लावली. मला दोन्हीकडे एक करडी पिशवी आवळताना दिसली, एवढंच. डॉक्टर बराच वेळ बोललेच नाहीत. तेवढ्या वेळात मी मुलाच्या लग्नाचा खर्च मनात मांडून पाहिला. मग म्हणाले, "सगळ्या भिंती सारख्या हलतायत. ठोके वाढल्यावर जोरही वाढलाय." बाहेर ही उभी होती. तिला सांगताना माझा आवाज उगाच चढला.

सात रस्त्याला रिक्षा थांबवून आधी चहा घेतला. शर्ट जेलनं अंगाला चिकटलेला होता. स्टिकरबरोबर उपटलेल्या केसांची जागा अजून चुरचुरतेय.

डॉक्टरांनी गोळी परत चालू करायला सांगितली. हिनं शेंगा चटणीच्या बरणीमागून पट्टी काढून दिली. मीठ-तेल कमी करा असं सांगितल्यापासून मी त्या बरणीकडे फिरकत नाही, असा हिचा समज आहे.