पास्कूचा महिना सापडला!

वंशावळ शोधताना आमच्या घराण्यातल्या पास्कूच्या बाप्तिस्म्याच्या महिन्याची गाठ पडली होती; ती सुटेपर्यंत इथे नवं काही टाकणार नाही म्हणालो होतो. सुटली. दीड वर्षं अडली होती ती माझ्याच आंधळेपणामुळे.

त्याच्या आईबापाचं, फ्रान्सिस्को आणि मारियाचं, लग्न जानेवारी १८६८, तीन राजांच्या सणानंतरचं (६ जानेवारी). पास्कूचा बाप्तिस्मा ऑगस्ट १८६८. सात महिने! नव्वदीची आत्या म्हणाली, "नको उकरू रे." मी मात्र ठरवून टाकलं, की हे जोडपंच वेगळं. फ्रान्सिस्को-मारिया ही जोडी वसईत पैशाला पासरी. मग शेजारच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) वह्या पालथ्या घातल्या, वाळवीने चाळण केलेल्यासुद्धा.

परवा फादरांनी बाप्तिस्म्यांची मूळ पोर्तुगीज वही पुन्हा काढून दिली. या खेपेला मागची चार पानंही उलटली. आधी 'आगोस्तो' पूर्ण अक्षरांत, मग 'सेतेंब्रो', आणि त्याच्याही नंतर आमचा पास्कू: आठचा आकडा आणि त्याच्या खांद्यावर बारीक 'ब्रो'. मी आठवा महिना समजून ऑगस्ट लिहून मोकळा झालो होतो. अहो, तो 'औतुब्रो'! जुनं रोमन वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, म्हणून ऑक्टोबर आठवा. लग्नाला बरोब्बर नऊ महिने. आत्या फोनवर खोकला लागेपर्यंत हसली. वर बाप्तिस्म्याचा धर्मपिता (गॉडफादर) कोण, तर लग्नातला साक्षीदार, म्हणजे मारियाचा सख्खा भाऊ. आता शंकेला जागाच नाही.

फोनवरच्या स्कॅन ॲपच्या नादी लागू नका. कागद पांढराशुभ्र करण्याच्या हौसेत ते फिकी शाई पुसून टाकतं. माझ्या जुन्या फोटोत 'ब्रो'चा नुसता ठिपका उरला होता. साधा कॅमेरा आणि खिडकीतून तिरपा येणारा उजेड, बस. वंशावळीच्या पैसे भरून घेतलेल्या सॉफ्टवेअरनेही ऑगस्ट मुकाट गिळला. त्यापेक्षा माझी एक्सेलची शीट बरी.

पुढच्या रविवारी दफनाची वही बघायची, म्हणजे फ्रान्सिस्को कधी गेला ते...

थांबा. हे लिहिताना डोक्यात आलं: फुली आणि पुढे 'ब्रो' असलं, की मी रोमन दहा समजून सगळीकडे ऑक्टोबर लिहीत आलोय. पण याच हिशोबाने दहावा म्हणजे डिसेंबर!

दफनाची वही राहू दे. शीटमध्ये अशा एकतीस ओळी आहेत. पहिल्या तीन तपासल्या, तेवढ्यात पणजी दोन महिन्यांनी लहान झाली.