बायोस बोलत नाही

फोंड्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. येणारं निम्मं काम 'स्लो झालाय, फॉरमॅट मारून द्या' या जातीचं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि चांगली चालती यंत्रं उचलून लोक विचारायला लागले की हे आता भंगारात द्यायचं का. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. बहुतेकांना मी सांगते, ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत मिळते ती घ्या आणि तोवर पैसे साठवा.

भाऊंना एवढं सांगून भागणार नव्हतं.

भाऊ कवळ्याचे. जन्मापासून दिसत नाही. पणजीत टेलिफोन ऑपरेटरची नोकरी करतात आणि गावच्या भजनी मंडळाचे चिटणीस आहेत. इतिवृत्तं, देणगीदारांच्या याद्या, सप्ताहाच्या पाळ्या सगळं स्वतः टाइप करतात. इतकी वर्षं त्यांचं काम विंडोजवरच्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून ऐकवणाऱ्या प्रोग्रामवर चाललं. २००६ साली मायकल करन या ऑस्ट्रेलियन तरुणानं, तो स्वतः अंध आहे, तो लिहायला घेतला आणि तो फुकट ठेवला. जॉजसारखा विकतचा स्क्रीन रीडर आपल्याकडच्या साध्या पगारात कोण घेणार?

माझ्याकडे यायच्या आधी ते दुसऱ्या एका दुकानात गेले होते. तिथल्या माणसानं भाऊंशी न बोलता त्यांच्या पुतण्याला विचारलं, "यांना मोबाइल पुरत नाही काय?" आमच्या धंद्यातल्या माणसांचा मला सर्वांत जास्त राग येतो तो इथे. गिऱ्हाईक समोर उभं असताना त्याच्याबद्दल दुसऱ्याशी बोलायचं, आणि त्याला काय लागतं तेही आपणच ठरवायचं. पन्नास देणगीदारांची यादी मोबाइलवर करून बघावी एकदा त्यानं.

भाऊंचं यंत्र पाचव्या पिढीचं, पण धडधाकट. नवा कॉम्प्युटर आत्ता घ्यायचा नव्हता. राहिलं लिनक्स, विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टीम, तिचे अनेक प्रकार असतात. तिथला स्क्रीन रीडर ऑर्का. प्रश्न होता कुठलं लिनक्स. अंधांसाठी म्हणून खास बनवलेली लिनक्सं बरीच झाली. व्हायनक्स होतं, सोनार होतं, दोन्ही बंद पडली. चार-दोन स्वयंसेवक रात्री जागून बनवतात, ते थकले की अपडेट थांबतात आणि वापरणारा अडकून पडतो. केरळात बनलेलं अ‍ॅक्सेसिबल कोकोनट मला मनापासून आवडतं. उबुंटू मेट या दुसऱ्या लिनक्सवर उभं आहे, चालू होताच बोलतं, आपल्या भाषांचा विचार त्यात आहे. ते मी पेनड्राइव्हवर घालून भाऊंना वापरायला दिलं. त्यांनी वापरलं, आवडलं, आणि मग विचारलं, "हे मला एकट्याला, कोणी नसताना, पहिल्यापासून बसवता येईल ते कुठलं?"

त्या अटीवर माझं उत्तर डेबियन. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं होतं. त्याचा इन्स्टॉलरच बोलतो. शिवाय मागे एवढा मोठा प्रकल्प आहे की एखादा माणूस थकला म्हणून तो बंद पडणार नाही.

ठरल्या रविवारी कवळ्याला गेले. भाऊंनी आधीच बजावलं, "बाय, तू बसायचं. कीबोर्डला हात लावायचा नाही." टेबलावर मॉनिटर नव्हताच. वीज कशाला जाळायची म्हणून तो माळ्यावर टाकलेला. मला तो खाली आणायला लावावा लागला, आणि तो कशासाठी हे सांगताना मला लाज वाटली. लाज माझी नव्हती, या यंत्रं बनवणाऱ्यांची होती.

कारण असं की पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करायचं तर आधी बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या अगदी मुळातल्या सेटिंगमध्ये जाऊन ते कशावरून सुरू व्हावं तो क्रम बदलावा लागतो, आणि बायोस बोलत नाही. विंडोज बोलतं, लिनक्स बोलतं, मॅकमध्ये २००५ पासून व्हॉइसओव्हर आहे. पण यंत्र चालू झाल्यावरची ही पहिली पायरी मुकी. त्या बायोसमध्ये हल्ली माउस चालतो, रंगीत आलेख असतात, पंख्याचा वेग गोल काट्यावर दिसतो. एवढं सगळं घालणाऱ्यांना एक आवाज घालता आला नाही?

तेवढ्यापुरती मी वाचत होते आणि कळा भाऊ दाबत होते. डिलीट दाबलं, उजवीकडे किती बाण, खाली किती, कुठे एंटर, हे ते पुटपुटत पाठ करत गेले. यूएसबी पहिला ठेवला, म्हणजे पुढे कधी गरज पडली तर इथे यायला नको. तो क्रम लक्षात ठेवणारा सेलही बदलला. आमच्या दमट हवेत तो सेल उतरला की बायोस सगळं विसरतं.

दुसरी अडचण मला ठाऊक होती म्हणून मी तयारीनं गेले होते. डेबियनचा बूट मेनू तयार झाला की बीप वाजते, जुन्या पद्धतीच्या बायोसला एकदा, नव्या पद्धतीच्या, म्हणजे यूईएफआयला दोनदा. ती ऐकून एस दाबायचं, मग एंटर, की बोलता इन्स्टॉलर सुरू. पण ही बीप टेबलावरच्या स्पीकरमधून येत नाही. ती मदरबोर्डच्या छोट्या बझरमधून येते, आणि हल्ली बोर्डासोबत बझर देतच नाहीत. बोर्डावर चार पिनांची जागा तेवढी रिकामी असते. मी एका मेलेल्या बोर्डाचा बझर काढून नेला होता. करंगळीच्या नखाएवढी काळी डबी, दोन वायरी. भाऊंनी तो हातात घेऊन चाचपला, पिना कुठे आहेत ते बोटानं शोधलं आणि स्वतः बसवला. यंत्र चालू केलं. टीप, टीप.

"हीच ना?" म्हणाले, आणि एस, एंटर.

नंतरचा प्रकार मी कधी कोणाच्या इन्स्टॉलेशनमध्ये इतक्या जवळून पाहिला नव्हता. यंत्रात दोन साउंडकार्डं होती, मॉनिटरच्या केबलवरचं आणि साधं. इन्स्टॉलर एकेकावर बोलून बघतो, ज्यातून ऐकू येईल तेव्हा एंटर दाबायचं. पहिल्याच्या वेळी खोलीत शांतता. माझा हात कीबोर्डकडे निघाला होता, तो मी मांडीखाली घातला. मग दुसऱ्यातून आवाज आला आणि भाऊंनी एंटर दाबलं. पुढे प्रत्येक प्रश्न आकड्यांच्या यादीनं येतो. आकडा दाबा, एंटर करा. ऐकायचं राहिलं की नंबर पॅडवरचं ७ दाबून मागची ओळ, ८ वर चालू ओळ, ९ वर पुढची.

डिस्कचा प्रश्न आला तेव्हा मात्र माझा श्वास अडकला. यादीत त्यांची ५०० जीबीची डिस्क आणि आमचा पेनड्राइव्ह, दोन्ही होते, आणि नावं सगळी एससीएसआय, एसडीए अशी तांत्रिक. त्यांनी ७, ८, ९ फिरवून आकार दोनदा ऐकले. बॅकअपची डिस्क आधीच काढून कपाटात ठेवायला लावली होती. शेवटी 'बदल डिस्कवर लिहायचे का' असं इन्स्टॉलर विचारतो, आणि नुसतं एंटर मारलं तर उत्तर 'नाही' जातं. ज्यानं हे असं ठेवलं त्याला माझा नमस्कार. भाऊ थांबले, मला काहीही विचारलं नाही, आणि 'हो'चा आकडा दाबला.

डेस्कटॉप म्हणून मेट नावाचा साधा प्रकार घेतला. आवाजावर इन्स्टॉल केलं की नवी सिस्टीमही बोलतच उठते, तशी ती उठली.

एनव्हीडीएच्या सवयीच्या हातांना ऑर्का परका वाटेल ही माझी काळजी होती. वेबपानावर एचनं मथळे, केनं लिंका हे दोन्हीकडे सारखंच. मराठी टायपिंगही तसंच, कारण भाऊ इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय भाषांच्या ठरावीक कळफलकावर शिकले. डीवर हलन्त, शिफ्ट-एनवर ळ, इथेही आणि तिथेही. रोमनमध्ये लिहून मराठी करणाऱ्यांना मी नेहमी सांगते की सुचवण्यांची ती चौकट अंध माणसाला छळते. इनस्क्रिप्टमध्ये दाबलं ते अक्षर, काम संपलं.

खरा त्रास दिला तो मंडळाच्या जुन्या फाइलींनी. त्या कुठल्यातरी छापखान्यात युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये बनलेल्या. डोळ्यांना मराठी दिसतं आणि स्क्रीन रीडर इंग्रजी अक्षरांचा कचरा वाचतो, विंडोजवरही तेच. मी कन्व्हर्टर लिहिला. त्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार नंतर, दोन्ही आपापल्या जागी आणायला मला फार वेळ लागला, पण आता देवळाच्या जीर्णोद्धाराची जुनी यादी ते सरळ ऐकतात. सरकारी परिपत्रकांसाठी टेसरॅक्ट या प्रोग्रामचं मराठी घालून एका कळीवर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखायची सोय, बसवलं. स्कॅन केलेल्या चित्राची पीडीएफ काढायची आणि 'संकेतस्थळावर उपलब्ध' म्हणायचं, हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतरही चालू आहे. कायद्यात माहिती सुलभ स्वरूपात देण्याची तरतूद आहे. ती छापून त्या कारकुनांच्या टेबलावर ठेवावीशी वाटते.

भाऊ आता रोज त्यावर काम करतात. ऑफिसातल्या एका फाइलसाठी विंडोज लागतं, ती ते ऑफिसातच उरकतात. मला अजून छळतं ते एवढंच, की सगळी डिस्क पुसून नवी सिस्टीम बसवणारा माणूस सेल उतरला की पुन्हा माझी वाट बघणार. मोबाइलच्या कॅमेऱ्यानं पडदा वाचून घ्यायचा प्रयत्न आम्ही केला. काळ्यावर निळी अक्षरं आणि निवडलेली ओळ फक्त रंगानं वेगळी, अ‍ॅप सगळ्या ओळी वाचतं पण आपण कुठल्या ओळीवर आहोत ते सांगत नाही.

पेडण्याला त्यांच्या ओळखीच्या एका मुलीकडे असंच जुनं यंत्र आहे. तिला शिकवायला भाऊच जाणार आहेत, मला फक्त बायोसपुरतं बोलावलंय. मदरबोर्डचा फोटो मागवून बघितला, चार पिनांची जागा आहे. त्या घरात दिवसा दिसणारं माणूस नसतं, तेव्हा यूएसबी पहिला ठेवून आणि नवा सेल घालूनच निघायचं, असं आमचं ठरलं आहे.